साडूचा ख्शान

मला कोणाचा हेवा वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या घरी माझ्या आधी टेलिफोन आला, तेव्हा त्याचं अभिनंदन करायला मी स्वतः जिना चढून गेलो. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात माझ्या मागून चिकटलेला मनुष्य माझा साहेब झाला, तर त्याची खुर्ची हलवायला पहिला हात मी लावला. मन माझं मोठं आहे. फक्त साडू हा प्रकार देवाने ज्या दिवशी निर्माण केला, त्या दिवशी त्याचं चित्त ठिकाणावर नसावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझा साडू म्हणजे गेन्येक. माझ्या बायकोच्या, लुत्सिनाच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. उंच, रुंद, डोक्यावर सगळे केस शाबूत. दारू बेतानं पितो, गाणं सुरात म्हणतो, बायकोच्या पिशव्या स्वतः उचलतो. अशा माणसाशी नातं जुळलं की आपण काय करायचं? खोड काढायला जागाच ठेवत नाही मेला! आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्याचा ख्शान.

ख्शान हे नाव उच्चारतानाच अर्धी शिंक येते, आणि ते बरोबरच आहे. मोहरीच्या घराण्यातलं झाड. वर हातभर लांब पानं, खाली मुळ्यासारखं मूळ. एकदा जमिनीत शिरलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं, निघता निघत नाही. मूळ किसलं की त्याचा झणका नाकातून निघतो तो थेट टाळूला जाऊन बसतो. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आम्ही चर्चमध्ये परडी घेऊन जातो. परडीत अंडी, मीठ, पाव, सॉसेज, साखरेचं कोकरू आणि किसलेल्या ख्शानाची बरणी. फादर त्यावर पाणी शिंपडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी इतर काही खायच्या आधी प्रत्येकाने उपाशीपोटी चिमूटभर ख्शान गिळायचा, म्हणजे वर्षभर दात दुखत नाहीत आणि पोट बिघडत नाही. डोळ्यांना धार लागते ती वेगळी. ज्याच्या ख्शानाने घर रडतं, त्याची वर्षभर वाहवा.

आमच्या घराची परडी सासूबाई भरतात. त्या परडीत अंड्यांच्या डावीकडे एक जागा आहे, ती गेन्येकच्या बरणीची. माझ्या लग्नापासून मी ती बरणी तिथे बघत आलो. सासूबाई त्याला "गेन्यू बाळ" म्हणतात. मला त्या "लुत्सिनाचा" म्हणतात. "लुत्सिनाचा आला का?" "लुत्सिनाच्याला आणखी बीट वाढा." मला बोगुमिल असं चांगलं भारदस्त नाव आहे, बारशाला फादरनी मोठ्याने म्हटलं होतं, पण सासूबाईंच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही. माझी मागणी फार नव्हती. एकदा माझी बरणी त्या परडीत जावी आणि तो झणका नाकात शिरल्यावर त्यांनी माझं नाव घ्यावं. बस.

एका ईस्टरला मी दुकानातून तयार ख्शानाची बरणी घेऊन गेलो. रांगेत उभं राहून आणलेली. सासूबाईंनी झाकण उघडलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"दही आहे का रे हे?" त्या म्हणाल्या.

"ख्शान आहे, आई."

"हो का? असेल बापडा," असं म्हणून त्यांनी ती बरणी खिडकीत जिरेनियमच्या कुंडीशेजारी ठेवली. तिथे ती दोन्ही दिवस उन्हात बसून होती. घरी येताना ट्राममध्ये मी लुत्सिनाला सांगितलं, आता मी स्वतः ख्शान पिकवणार.

"तू? तुझ्या हातची तर कोथिंबीरसुद्धा मेली," ती म्हणाली.

तोरुन शहराच्या कडेला रेल्वेवाल्यांच्या छोट्या छोट्या बागा आहेत. प्रत्येकाला एक तुकडा, एक लाकडी झोपडी, एक कुंपण आणि एक नियमावली. माझा तुकडा आणि गेन्येकचा तुकडा यांच्यामध्ये फक्त पेलागिया काकूंचा तुकडा. काकू रेल्वेच्या सिग्नलवाल्याच्या विधवा. त्या दिवसभर गुडघ्यावर बसून तण काढतात आणि दोन्ही बाजूंचं सगळं ऐकतात.

माझा निश्चय लुत्सिनाने आपल्या बहिणीला, बोझेनाला सांगितला, बोझेनाने गेन्येकला सांगितला, आणि त्याच आठवड्यात तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मुळांच्या कांड्या घेऊन माझ्या फाटकाशी हजर! मी मागितल्या नव्हत्या. मागण्याची संधी तरी द्यावी की नाही माणसाने?

"घे रे बोगुमिल, माझ्या वाफ्यातल्या आहेत. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा वाण. सरळ कापलेलं टोक वर आणि तिरकं कापलेलं खाली. आडव्या-तिरप्या लाव."

आता ज्याच्यावर आपण मनातून जळतो, त्याच्याशी माणूस जरा जास्तच नम्र वागतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आभारी आहे हं, गेन्येक."

तिकडे काकूंच्या हातातलं खुरपं पडलं. "अरे देवा! बोललास?"

आमच्याकडे कोणी रोप दिलं तर आभार मानत नाहीत. आभार मानले की रोप धरत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं! आजवर शंभर लोकांकडून रोपं घेऊन मी घुम्यासारखा मान वळवून चालू पडलो आहे. पण गेन्येकसमोर आलं की माझी जीभ माझी राहत नाही. तो बिचारा (बिचारा हा शब्द मी नाइलाजाने वापरतो) जरा कसनुसा हसला आणि निघून गेला.

कांड्या मी लावल्या. मे उजाडला, जून गेला, एक पान वर आलं नाही. काही दुष्ट लोक म्हणतात की मी त्या उलट्या लावल्या. शरदात खणून पाहिलं तेव्हा तिरकी टोकं आकाशाकडे होती हे खरं आहे. पण जमिनीखाली काय काय उलथापालथ होते ते कोणी सांगावं? आभार नडले.

"आता एकच उपाय," पेलागिया काकू म्हणाल्या. "चोर."

"काय?"

"ख्शान चोर. चोरलेलं झाड कधी मरत नाही. हे माझं गूजबेरीचं झुडूप बघ. चोरलेलं. ती रास्पबेरी चोरलेली. तो पिवळा डेलिया फादरच्या अंगणातला."

"आणि हा गुलाब?"

"तो तुझा," काकू म्हणाल्या आणि पुन्हा तण काढू लागल्या.

तर पुढच्या वसंतात, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सगळं गाव विलोच्या फांद्या घेऊन चर्चला गेलेलं असताना, मी कुदळ घेऊन गेन्येकच्या वाफ्यात शिरलो. फाटकाची कडी लावलेली नव्हती. मनात म्हटलं, बघा, इतका गुणी माणूस पण कडी लावायला विसरतो. केवढा आनंद झाला मला! सगळ्यात जाडजूड मूळ कडेलाच होतं. मी पहिला घाव घातला आणि काय सांगू, लोण्यातून सुरी फिरावी तशी माती बाजूला झाली. दोन हिसड्यांत मूळ हातात. माझ्या दंडात इतकी ताकद आहे याची मला कल्पनाच नव्हती. तेवढ्यात झोपडीतून कोणीतरी खोकल्यासारखा आवाज आला, पण ते मांजर असणार असं ठरवून मी बाहेर पडलो.

मूळ न्यायचं कसं, याचा विचार मी केला नव्हता. पिशवी आणली नव्हती, कारण पिशवी घेऊन जाणारा माणूस चोर दिसतो. शेवटी ते मी विजारीत घातलं. पानासकट मांडीपासून पोटरीपर्यंत आलं. डावा पाय गुडघ्यात वाकेना. तसाच टक् टक् करत ट्रामच्या थांब्यावर गेलो, ट्राम आली, चढलो, आणि पहिल्याच बाकावर कोण? सासूबाई! चर्चमधून परत येत होत्या, हातात विलोच्या फांद्यांचा जुडगा.

"लुत्सिनाचा की काय? चर्चचा मास बुडवलास?"

"सकाळच्याला जाऊन आलो, आई."

"मग बस की इथे."

"उभाच बरा आहे."

"बस म्हणते ना!"

बसलो. डावा पाय ट्रामच्या मधल्या वाटेत सरळ आडवा. कंडक्टर दोनदा अडखळला. सासूबाईंनी माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिलं.

"काय झालंय पायाला?"

"संधिवात, आई. वाकतच नाही."

त्यांचा चेहरा विचित्र झाला. ओठ घट्ट मिटले, गाल थरथरले. मला वाटलं, जावयाच्या दुःखाने कळवळल्या. मग त्यांनी तो फांद्यांचा जुडगा उचलला आणि सगळ्या ट्रामसमोर माझ्या डाव्या पायावर सटासट मारायला सुरुवात केली. त्या रविवारी विलोने मारलं की वर्षभर दुखणं येत नाही, तीही आमची रीत आहे. मूळ मोडेल या भीतीने मी ओरडलो. लोकांना वाटलं, फारच दुखतंय. एका बाईने आपल्या फांदीनेही दोन फटके दिले.

"यावर एकच औषध," उतरताना सासूबाई म्हणाल्या. "ख्शान किसून बांध. गेन्यू बाळाकडून आण. त्याच्यासारखा जहाल ख्शान अख्ख्या गावात नाही."

मूळ शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी ते लावायला निघालो तर बागेचे अध्यक्ष व्हॉय्तासिक साहेब दारात. यांची टोपी आणि हातातली मोजपट्टी कधी सुटत नाही. नियमावलीत म्हणे असं आहे की ख्शान शेजाऱ्याच्या जागेत पसरतो, म्हणून तो लावणाऱ्याने भोवती जमिनीत खोल पत्रा पुरला पाहिजे. पत्रा! त्या वर्षी आमच्याकडे खिळा मिळायला चार खिडक्या फिराव्या लागत होत्या. मी सहकारी भांडारात गेलो, तिथून गोदामात धाडलं, गोदामातल्या बाईने विचारलं की पत्रा कोणत्या योजनेखाली पाहिजे. मी म्हटलं ख्शान योजनेखाली. तिने खिडकी बंद केली.

"माझ्याकडे पत्रा पडलाय रे," गेन्येक कुंपणावरून म्हणाला. "आणून देऊ?"

"नको," मी म्हणालो. "माझी वेगळी व्यवस्था झाली आहे."

झाली नव्हती. पण असं बोलून गेल्यावर करावी लागली. स्टेशनमागचं एक जुनं घर पाडत होते. तिथल्या नळवाल्याला एक बाटली दिली आणि त्याने मला ओतीव लोखंडाचा न्हाण्याचा टब दिला, सिंहाच्या पंजांसारखे पाय असलेला. हातगाडीवर घालून तो गावातून नेताना प्रत्येकाने मला एक प्रश्न विचारला, आणि प्रत्येकाने तोच विचारला: "काय, अंघोळीला कुठे?" टब बागेत पोचल्यावर सल्ले सुरू झाले. एक म्हणाला कबुतराची विष्ठा घाल. दुसरा म्हणाला कबुतराची घातलीस तर मेलास, घोड्याची घाल. पेलागिया काकू म्हणाल्या, जे घालशील ते चोरून घाल.

मी घोड्याची घातली. मूळ लावलं. पंधरवड्यात हिरवी जीभ वर आली. चोरीचा माल फळतो हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी गेन्येकला मुद्दाम हाक मारून हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या.

मग तपासणी मंडळ आलं. व्हॉय्तासिक साहेब आणि आणखी दोघे. टबाभोवती फिरले, वाकून पाहिलं, लांबी मोजली, पंजे मोजले.

"बागेत न्हाणीघर बांधायला मनाई आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, यात माती आहे."

"आज माती आहे. उद्या पाणी येईल. परवा साबण येईल. आम्हाला पुढचा विचार करावा लागतो."

"अहो, पण हा वाफा आहे! लोखंडी कडा असलेला वाफा."

तिघांनी बाजूला जाऊन खल केला. भाजीचा वाफा जमिनीतच असला पाहिजे, टबात चालत नाही. शोभेच्या फुलांची कुंडी मात्र कितीही मोठी चालते. "ही शोभेची कुंडी असेल," साहेब म्हणाले, "तर फुलं दाखवा. जूनमध्ये येतो."

आता ख्शानाला फुलं येतात, पांढरी, बारीक, मोहरीच्या वळणाची. पण शहाणा माणूस दांडा दिसला की खुडतो, कारण फुलांत जोर गेला तर मूळ रोडावतं. मला खुडता येईना. फुलं नसतील तर टब जातो, फुलं असतील तर मूळ जातं. मी दांडे वाढू दिले. जूनमध्ये टबावर पांढरा ढग उभा राहिला. मंडळ आलं, हुंगलं, साहेबांनी टोपी काढली. "शोभिवंत," ते म्हणाले, आणि जाता जाता काकड्यांच्या लोणच्यात घालायला चार पानं तोडून घेऊन गेले.

गेन्येक कुंपणापाशी येऊन हळहळला. "फुलू दिलास रे? मुळाचा दम जाईल."

"सौंदर्यदृष्टी लागते त्याला," मी म्हणालो. रात्री मात्र मला घास गेला नाही. तो इतक्या आपुलकीने का हळहळला? खूश का नाही झाला? त्याच्या जागी मी असतो तर गुणगुणत घरी गेलो असतो.

जुलैत मी माती सारून मुळाचं डोकं उघडं केलं, फडक्याने घासून बाजूचे तंतू काढले, पुन्हा माती लोटली. हे मी गेन्येकला करताना काकूंच्या गूजबेरीआडून पाहिलं होतं. आणि नोव्हेंबरात पहिलं कडक हिव पडल्यावर खणायला बसलो. मूळ हलेना. ओढलं तर टबच हलायला लागला! तेव्हा उमगलं. टबाच्या तळाला पाणी जायचं भोक होतं, ते बुजवायचं राहून गेलं होतं, आणि मूळ त्या भोकातून सरळसोट खाली उतरलं होतं. टबाखाली बोगदा खणून मी पाठीवर झोपून आत शिरलो. नुसते बूट बाहेर. तेवढ्यात व्हॉय्तासिक साहेबांचा आवाज आला, "कोण आहे? स्नान चाललंय का?"

"नाही साहेब!"

"मनाई आहे, एवढं लक्षात असू द्या."

पण मूळ निघालं! माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, मनगटाएवढं जाड, आणि सरळ. एक फाटा नाही, एक गाठ नाही. फुलं येऊनसुद्धा. गेन्येकच्या वाफ्यात असं मूळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. तळघरात बादलीभर ओल्या वाळूत ते पुरून ठेवलं आणि हिवाळाभर कोळसा आणायच्या निमित्ताने रोज बघून येऊ लागलो.

"माझ्याकडे कधी असं बघितलं होतंस का?" लुत्सिनाने विचारलं.

"बघितलं होतं. तू गेन्येकच्या लग्नात नाचत होतीस तेव्हा," मी म्हणालो. ती हसली, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ईस्टरच्या शुक्रवारी मी बाल्कनीत किसायला बसलो. हरवलेल्या सामानातून सोडवून आणलेला मोटारसायकलवाल्याचा काळा चष्मा घातला, नाकाला लुत्सिनाचा स्कार्फ बांधला. खालच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोण गेलं हो तुमच्याकडे?" त्या स्वतःच रडत होत्या. किसून झाल्यावर व्हिनेगर घालायचं असतं. लगेच घातलं तर ख्शान मवाळ होतो. जितकं थांबाल तितका तो पेटतो. गेन्येक थांबतो त्याहून मी जास्त थांबलो. लुत्सिना आतून ओरडत होती, "घाल आता! पडदे पिवळे पडतील!" मी तरी थांबलो.

शनिवारी सकाळी बरणी छातीशी धरून सासूबाईंकडे गेलो. परडी टेबलावर, अंडी मांडलेली, डावीकडची जागा रिकामी. मी वाट पाहत उभा राहिलो. दोन बरण्या समोरासमोर येतील, झाकणं उघडतील, सासूबाई आधी ती हुंगतील, मग ही. हे सगळं मी हिवाळाभर मनात किती वेळा पाहिलं होतं.

गेन्येक आला तो हात हलवत. "आई, यंदा माझा नाही. वाफ्याला काळी कूज लागली. एक मूळ धड राहिलं नाही."

म्हणजे? म्हणजे कुस्ती नाहीच? मी तालीम करून, लंगोट बांधून आखाड्यात उभा, आणि समोरचा पैलवान घरी बसला! सासूबाईंनी माझी बरणी उघडली, नाक जवळ नेलं, मान एकदम मागे गेली. त्यांनी ती डावीकडच्या जागेत ठेवली. माझी बरणी परडीत गेली होती आणि मला घोर फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सगळे टेबलाभोवती उभे. माझ्या खिशात फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा होता, त्या मुळाचा डोक्याकडचा, कोंब आलेला. जेवणानंतर सहज काढून दाखवणार होतो. सासूबाईंनी प्रथेप्रमाणे पहिली चिमूट घेतली आणि गिळली.

आधी काही झालं नाही. मग त्यांनी टेबलाची कड धरली. मग चेहरा बिटासारखा झाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. एक हात हवेत. बोझेना "आई, आई!" करून धावली. सासूबाईंनी तिला ढकललं, चुलीपाशी गेल्या, रीतीप्रमाणे धुराड्यात तीनदा फुंकर मारली आणि वळल्या.

"यजमान गेल्यापासून," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "असा ख्शान या घरात आला नव्हता. गेन्यू बाळ, कमाल केलीस!"

"आई, माझा नाही," गेन्येक डोळे पुसत म्हणाला. "बोगुमिलचा आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी छाती काढली. तोच क्षण, ज्याच्यासाठी मी मार खाल्ला, टब ओढला, भुयारात झोपलो. आणि तेवढ्यात बोझेना, हसते आहे की रडते आहे कळेना, म्हणाली, "बोगुमिलचा कसला! मूळ आमच्याच वाफ्यातलं. चोरायला येणार म्हणून पेलागिया काकूंनीच सांगितलं होतं ह्याला. ह्याने आदल्या दिवशी माती भुसभुशीत करून ठेवली, कडी काढून ठेवली आणि मास बुडवून झोपडीत बसला! हसू येऊन खोकत होता म्हणे."

"तुम्हाला माहीत होतं?" मी लुत्सिनाकडे पाहिलं. ती मीठदाणीकडे बघत होती.

"मला तर ट्राममध्येच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "विजारीच्या पायातून हिरवं पान बाहेर आलं होतं. म्हटलं, लेकराची हौस आहे, गप्प बसावं. मनाचा मोठा हो माझा गेन्यू! हाताने दिलं असतं तर पठ्ठ्याने पुन्हा आभार मानले असते." आणि त्यांनी गेन्येकचा गाल थोपटला. माझ्या ख्शानाने आलेलं पाणी डोळ्यांत, आणि गाल त्याचा!

माझा तोल गेला. "म्हणजे चोरीसुद्धा धड करू दिली नाहीस मला?" मी ओरडलो. "तीही तूच केलीस? हे घे! घे तुझं मूळ परत!" आणि खिशातला तुकडा काढून त्याच्या ताटात आपटला. एक अंडं फुटलं.

बोझेना हळूच म्हणाली, "त्या वाणाचं आता तेवढंच उरलंय आमच्याकडे लावायला."

गेन्येकने तुकडा उचलला. फडक्याने पुसला, कोंब निरखला. मग उभा राहिला, टेबलावरून हात पुढे केला, माझा हात धरून हलवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आभारी आहे, बोगुमिल. मनापासून आभारी आहे."

सासूबाईंनी छातीवर क्रूस केला. "अरे, काय बोललास हे? आता धरायचं नाही ते!"

"नाही धरलं तर नाही, आई," गेन्येक म्हणाला. "आता बोगुमिल आहे ना."

"सुटला एकदाचा," बोझेना नाक शिंकरत म्हणाली. "फेब्रुवारी लागला की ह्याला झोप नसते. जहाल होईल का, आईंना लागेल का, नाही लागला तर काय. मला म्हणायचा, तो बोगुमिल किती नशीबवान, त्याच्याकडून कोणी काही मागत नाही."

ऐकलंत? हा माझा हेवा करत होता! आणि इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नाही. निदान तेवढं सुख तरी मी भोगलं असतं.

मी मान वळवली तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. ही नजर मला ओळखीची होती. ती नेहमी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जायची.

"बोगुमिल," त्या म्हणाल्या. "बस. असा उभा का? नीट ऐक. पुढच्या वर्षी आणखी जरा जाळ पाहिजे. हा बरा होता, पण यजमानांचा याहून वर जायचा. आणि एका बरणीने भागायचं नाही, फादरना द्यावी लागेल, माझ्या बहिणीकडे पाठवावी लागेल. टब आणखी एक बघ. आणि फुलं खुडत जा, बोगुमिल, नुसती शोभा काय करायची?"

"हो, आई," मी म्हणालो.

समोर गेन्येकने जाकिटाची बटणं सोडली, खुर्ची मागे रेलली, ते फुटलेलं अंडं सोलून तोंडात टाकलं, आणि डोळे मिटून सावकाश चावत बसला. मी माझ्या अंड्यावर चमचाभर ख्शान जास्त घेतला, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कशाचं, असं कोणी विचारू नये.